शेजाऱ्याच्या एका शब्दाचें मोल
(मुकुंदवाडी येथें पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



येथें शेतकरी आहेत, सुतार-लोहार आहेत, गवंडी आहेत, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत लेथवर उभे राहणारेही आहेत. मुलांच्या शिक्षणावर दोन शब्द बोला, अशी मला आज्ञा झाली आहे. मास्तरानें उपदेश करावा आणि लोकांनीं माना हालवाव्या, हा रिवाज जुनाच आहे. म्हणून आज मी प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों.

२०१९ सालच्या दुष्काळांत आपल्या मुकुंदवाडीचीं लेंकरें शाळा सुटल्यावर रिकामे कॅन घेऊन रेल्वेनें शहराच्या स्टेशनावर जात आणि पाणी भरून परत येत, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. तेव्हां माझ्याकडे तिसरीच्या वर्गांत एक मुलगी होती. तिचा गृहपाठ कधींच पुरा नसे. एके दिवशीं मीं तिला उभी करून कारण विचारलें. ती म्हणाली, "गुरुजी, गाडी लेट होती." वर्ग हंसला. खोटें कशाला सांगूं, मीही हंसलों. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेंत आली नाहीं.

चार दिवसांनीं संध्याकाळीं मी स्टेशनावर गेलों. कॅनांच्या रांगेशेजारीं ती बसली होती, आणि शेंगा विकणारी एक म्हातारी तिला हिशेब घालीत होती. "दहा-दहा लिटरचे दोन कॅन. घरांत माणसें पांच. एकाच्या वांट्याला किती?" पोरगी बोटें मोजून म्हणाली, "चार लिटर." "आणि गाडींत चढतांना पांच लिटर सांडलें तर?" पोरगी पुन्हां बोटें मोजूं लागली.

म्हातारीला अक्षर येत नव्हतें. परंतु गाडीची वाट पाहण्याचा वेळ तिनें फुकट जाऊं दिला नाहीं. मी पगारी शिक्षक; माझ्यापुढें तेंच लेंकरूं उभें राहिलें होतें, आणि मीं तें हंसण्यावारी नेलें. मीं तेथेंच त्या मुलीला म्हटलें, "बाळ, माझें चुकलें. उद्यां शाळेंत ये. गृहपाठ आपण इथेंच करूं." पाऊस येईपर्यंत जमेल त्या संध्याकाळीं मी पाटी घेऊन फलाटावर बसलों. ती मुलगी आज हायस्कुलांत आहे.

बंधूंनो, शिकविण्याची वेळ घंटा वाजवून येत नाहीं. ती आली तेव्हां जो ओळखतो, तोच खरा शिक्षक. मग तो शेंगा विको कीं नांगर धरो.

आपल्या चळवळीची मुळेंसुद्धां अशाच एका शब्दांत आहेत. जोतीराव फुले लहान असतां त्यांना शाळेंतून काढून मळ्यांत घातलें होतें. माळ्याच्या पोराला विद्या कशाला, असें एका कारकुनानें गोविंदरावांच्या मनांत भरविलें होतें. पण शेजारीं गफार बेग मुनशी आणि लिजीट साहेब राहत. पोरगा हुशार आहे, हें त्यांनीं पाहिलें आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ सालीं जोतीराव पुन्हां शाळेंत गेले. पुढें त्यांनीं सावित्रीबाईंना घरीं शिकविलें. १८४८ सालीं पुण्यास भिडेवाड्यांत मुलींची शाळा उघडली. आणि १८५५ सालीं त्यांच्याच शाळेंतील मुक्ता या मांग समाजाच्या मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या दोघां शेजाऱ्यांचा नातेसंबंध नव्हता, जात नव्हती, धर्मही एक नव्हता. त्यांनीं फक्त शब्द टाकला.

दुसरें उदाहरण मुंबईचें. चर्नी रोडजवळच्या बागेंत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसे. शिवचरित्र लिहिणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर तेथें येत. ते शिक्षक होते. पण तो मुलगा आपल्या शाळेचा नव्हे, असें म्हणून ते पुढें गेले नाहींत. त्यांनीं विचारपूस केली, पुस्तकें दिलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाल्यावर त्यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें, आणि पुढें सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच बाबासाहेबांच्या संस्थेनें १९५० सालीं आपल्या याच शहरांत महाविद्यालय काढलें, तेंच मिलिंद महाविद्यालय. निजामी राज्यांत वरचें शिक्षण उर्दूंत आणि तेंही मूठभरांना. अशा मराठवाड्यांतलीं गोरगरिबांचीं मुलें तेथें शिकून बाहेर पडलीं. बागेंतली विचारपूस कोठवर पोंचली, तें पाहा!

आतां एक कडू गोष्ट सांगतों. राग मानूं नका. गोविंदरावांचे कान भरणारा तो कारकून मेला, असें आपण समजतों. तो मेला नाहीं. तो आतां आपल्याच जिभेवर येऊन बसला आहे. "शिकून कोण कलेक्टर झाला?" "पोरीला शिकवून काय, शेवटीं चूलच!" हे बोल आज कोणी परका आपल्या घरीं येऊन बोलत नाहीं. आपणच बोलतों, आणि आपलींच लेंकरें ऐकतात.

मग करावयाचें काय? यास पैसा लागत नाहीं. मूल प्रश्न विचारील तेव्हां "गप बस" म्हणूं नका. येत नसेल तर "उद्यां विचारून सांगतों" म्हणा, आणि सांगा. गवंडीबुवांनीं ओळंबा कां सोडतात, सुतारानें गुण्या कां लावतात, शेतकऱ्यानें बियाणें निवडून कां घेतात, तें जवळ उभ्या असलेल्या पोराला बोलून दाखवावें. आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही. मात्र काम समजावून देणें वेगळें आणि शाळा सोडवून कामाला जुंपणें वेगळें. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस तो हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. एवढ्या उशिरां हातीं आलेली गोष्ट आपण आपल्या हातानें टाकावी काय?

आणि शेवटचें. तुमच्या आळींत कोणी मुलाला वा मुलीला शाळेंतून काढीत असेल, तर त्याच रात्रीं त्याच्या घरीं जा. व्याख्यान देऊं नका. ओट्यावर बसा, पाणी प्या, आणि म्हणा, "दादा, पोर हुशार आहे. शिकूं द्या." एवढेंच. गफार बेग यांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.