नशिबाला रडायचं गाणं

आम्ही उत्तनच्या बाया बोलतोय.

बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगताना आमच्यात गाणी चालतात. हळदीची, दर्याची, एकमेकींना चिडवायची. पण आमची एक सोबतीण दर वेळी एकच मागते : लॉर्नाचं ‘नशिबाक रडटा’. कोंकणी आम्हांला अर्धीमुर्धी कळते, पण या गाण्यात अडत नाही. प्रेम तुटलंय आणि बाई नशिबाला रडतेय, एवढं सुरावरूनच समजतं.

हे गाणं ख्रिस पेरी यांचं. साठच्या दशकात त्यांचा बँड चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलात, व्हेनिस नावाच्या क्लबात वाजायचा आणि पुढं उभी राहून लॉर्ना गायची. आपली भाईंदरची लोकल शेवटी जिथं थांबते, तिथंच! वाद्यं विलायती, ट्रम्पेट-सॅक्सोफोन. पण बोली गोव्याच्या गावातली. म्हणून तर ते हॉटेलातून निघून आमच्या वलांडीपर्यंत आलं.

आमच्यातल्या एकीला हे गाणं नको असतं. “रडगाणं कशाला, अपशकुन!” म्हणते. यावरून गटात चांगलीच जुंपली. तेव्हा ती सोबतीण पहिल्यांदा बोलली. तिचा नवरा दुसरीकडे संसार थाटून बसलाय. ती म्हणाली, “नवरा दर्यात गेला असता तर सगळं गाव रडायला आलं असतं. तो असा गेला, तर गाव विचारायला आलं, तुझंच काय चुकलं गो?”

आम्ही गप्प झालो. विचारणाऱ्यांत आम्हीही होतो.

विधवेला निदान रडू देतात. टाकलेल्या बाईनं रडलं तरी चूक, हसलं तरी चूक. तिला तिचं दुःख तीन-चार मिनिटं कुणाच्या तरी आवाजात मोठ्यानं ऐकायला मिळतं, तर त्यात कसला अपशकुन?

लॉर्नाचंही ऐका. पेरींच्या बँडपासून वेगळी झाल्यावर तिचं गाणंच थांबलं, ते वीसहून जास्त वर्षं. 1995 साली ती पुन्हा मंचावर आली, तेव्हा लोक तिला विसरले नव्हते. पुढं या दोघांवरून ‘नाचुया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पेरी मात्र त्याआधीच, 2002 साली गेले होते.

आता वलांडीवर ते गाणं रोज होतं. अपशकुन म्हणणारी अजून तोंड वाकडं करते. पण परवा मोबाईलची बॅटरी मध्येच संपली, तर पुढची ओळ तिनंच उचलली.