गाडी आपली, कुलूप कोणाचे?

(जेऊर, ता. करमाळा, जि. सोलापूर येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



आज ज्वारीच्या भावावर बोलायचे की कापसाच्या, असे इथल्या कार्यकर्त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हटले की भावावर आपण दर बैठकीला बोलतो आणि पुढेही बोलणार आहोत. आज गाडीवर बोलू. काहींना हसू आले. पण ज्वारीची रास झाली आहे, पोती भरून पडली आहेत, उद्याचा बाजार गाठायचा आहे आणि दारातली जुनी व्हॅन सेल्फ मारून मारून थकली आहे, असा दिवस ज्याच्यावर आला त्याला हसू येणार नाही. भाड्याची गाडी सांगेल तो दर द्यावा लागतो. तो दर आपल्याच खिशातून जातो.

आपल्या वडिलांनी विहिरीवर बसवलेले ऑइल इंजिन आठवा. बंद पडले की नोझल काढायचा, फुंकर मारून बघायचा, हवा काढायची, हँडल मारायचे. गावात दोन माणसे तरी अशी असत की ज्यांना आवाजावरून रोग कळे. 1984 साली मारुतीची व्हॅन आली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि 2019 पर्यंत ती बनत राहिली. सुरुवातीच्या व्हॅनला कार्बोरेटर होता. कचरा अडकला की गॅरेजवाला पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायचा. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले. देशभर भारत स्टेज 4 लागू झाले 1 एप्रिल 2017 ला आणि भारत स्टेज 6 लागू झाले 1 एप्रिल 2020 ला. इंजेक्टर आले म्हणजे त्यांना हुकूम देणारा कोणीतरी हवा. तो म्हणजे ॲल्युमिनियमचा, वहीएवढा एक डबा. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात, आपण कॉम्प्युटर म्हणतो.

हा डबा म्हणजे टोळीचा मुकादम समजा. इंजिन किती गरम आहे, हवा किती आत येते, ॲक्सिलेटर किती दाबला, क्रँक कुठवर फिरला, ही बातमी सेन्सर आणून देतात. त्यावरून किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे मुकादम ठरवतो. तेलाची बचत होते, धूर कमी होतो. या डब्याला आमचा विरोध नाही. नवे तंत्र शेतकऱ्याच्या हातात आले पाहिजे, हेच आपण इतकी वर्षे मागत आलो. आमचे म्हणणे 'हातात' या शब्दाबद्दल आहे.

आम्ही कृषीचे शिक्षण घेतले, मोटारीचे नाही. तरी शेतीतला एक धडा इथे कामी येतो. कपाशीचे पान लाल पडले की दुकानदार 'लाल्या आलाय' म्हणून बाटली हातात देतो. पान लाल होते ते कधी नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडल्याने, कधी पाण्याच्या ताणाने, कधी रात्रीच्या थंडीने, कधी तुडतुड्यांनी. कारण न शोधता बाटली मारली तर पैसे गेले आणि पान लालच राहिले. गाडीचेही तसेच आहे. कारण सापडले नाही की 'कॉम्प्युटर गेला' म्हणायचे, ही आता गॅरेजची सोय झाली आहे. खरे तर ईसीएम शेवटी तपासायचा असतो.

आधी बॅटरी. इंजिन थंड आणि बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. सेल्फ मारताना आकडा 10 च्या खाली गेला, तर डबा नीट जागाच होत नाही आणि दोष त्याच्यावर येतो. मग फ्यूज आणि रिले. त्यानंतर अर्थिंग. इंजिन आणि बॉडीपासून बॅटरीच्या मायनसकडे येणारी पट्टी गंजली, बोल्ट सैल झाला, की गाडी कधी चालते, कधी बंद पडते, आणि माणसाला वाटते भूत लागले. पट्टी काढून, खरवडून घट्ट बसवायला अर्धा तास लागतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी तर आधी तेच बघावे.

चावी फिरवली की इंजिनाचा चेक लाइट पेटला पाहिजे आणि गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो पेटतच नसेल तर एक तर दिवा उडाला आहे, नाही तर डब्याला करंट किंवा अर्थिंग मिळत नाही, नाही तर डबा खरोखर मेला आहे. डब्यातून सेन्सरांकडे 5 व्होल्टचा पुरवठा जातो. तो मिळत नाही म्हणून लगेच डबा फेकू नका. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी हा पुरवठा खाली बसतो. एकेका सेन्सरचा सॉकेट काढत जा. एखादा काढल्यावर 5 व्होल्ट परत आले तर दोष त्या सेन्सरचा. सगळे काढूनही आले नाहीत, वायर कुठे तुटलेली वा बॉडीला टेकलेली नाही, डब्याला येणारा करंट ठीक आहे, अर्थिंग ठीक आहे, तर मात्र डबा गेला असे धरायला हरकत नाही.

आता खरोखर डबा गेलेल्या एका गाडीची गोष्ट. आपल्याच एका कार्यकर्त्याची जुनी व्हॅन. कोणत्या कंपनीची ते सोडून द्या, कोणतीही घ्या. छपरावर कॅरिअर बसवायचे म्हणून गावातच वेल्डिंग करून घेतले. बॅटरीची वायर कोणी काढली नाही, काढावी लागते हे कोणी सांगितलेही नव्हते. वेल्डिंगचा करंट बॉडीतून आपली वाट शोधत डब्यात शिरला. दुसऱ्या दिवशी सेल्फ लागतो पण प्लगला ठिणगी नाही, चेक लाइट नाही. आता सांगितलेल्या सगळ्या तपासण्या केल्या, डबाच जळाला होता. (भावांनो, वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा मायनस काढा आणि ईसीएमचे सॉकेटही काढा. गाडी असो, नवा ट्रॅक्टर असो. बॅटरी उलटी जोडली तरी हीच गत होते.)

सर्व्हिस सेंटरने सांगितले, मॉडेल जुने आहे, डबा मागवावा लागेल, 18 हजार, वर मजुरी, तीन आठवडे, आणि पैसे आधी. पोरांनी पुण्याच्या भंगारातून त्याच गाडीचा जुना डबा साडेतीन हजारांत आणला. बसवला. इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा दोन सेकंद.

ही काय भानगड आहे ते नीट समजून घ्या. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. चावी फिरवली की गाडी चिपेला खूण विचारते. ती डब्यातल्या खुणेशी जुळली तरच पेट्रोल आणि ठिणगी चालू राहते. याला इमोबिलायझर म्हणतात, चोरी रोखण्यासाठी केलेला. दुसऱ्या गाडीचा डबा आपल्या चावीला ओळखत नाही. म्हणून जुना डबा घ्यायचा तर त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझरचा भागही सोबत घ्यावा, किंवा आपल्या मेलेल्या डब्यातली स्मृती नव्या डब्यात उतरवून घ्यावी. दुसरे म्हणजे डब्यावरचा पार्ट नंबर. तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे, एक इमोबिलायझरचा, एक बिनइमोबिलायझरचा, किंवा एक आधीच्या प्रदूषण नियमाचा आणि एक नंतरचा असू शकतो. मेलेला डबा भंगारात देऊ नका. पॉवरचा भाग जळाला तरी स्मृतीची चिप बहुधा शाबूत असते.

या गाडीचेही तेच झाले. इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय केलेल्या एका मुलाने मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत बसून जुन्या डब्यातली स्मृती वाचली आणि नव्यात लिहिली. अर्धा तास लागला. दीड हजार रुपये घेतले. सॉकेटच्या पिना स्प्रेने साफ केल्या, अर्थिंगचा बोल्ट खरवडून आवळला, डबा मूळ जागी रबरासकट बसवला, बॅटरी शेवटी जोडली. गाडी आजही चालते आहे. एकीकडे 18 हजार आणि मजुरी, दुसरीकडे पाच हजार. एकीकडे तीन आठवडे, दुसरीकडे तीन दिवस, त्यातले दोन पुण्याला जाण्यायेण्यात गेले.

हा फरक डब्याच्या धातूचा नाही, आतल्या पार्टचाही नाही. तो कुलपाचा आहे. चोरासाठी कुलूप हवे, हे आम्ही मान्य करतो. ज्याच्याकडे आरसी बुक नाही त्याला खूण देऊ नका. पण ज्याच्या नावावर आरसी आहे, ज्याने रोड टॅक्स भरला आहे, त्याला स्वतःच्या गाडीची खूण मिळू नये, वायरिंगचा नकाशा मिळू नये, त्याच्या गावच्या मिस्त्रीला स्कॅनरची भाषा कळू नये, हा कोणता न्याय? कंपन्या म्हणतात, बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर गाडी बिघडेल, धूर वाढेल. धूर मोजायला पीयूसी केंद्र आहे. तिथे मोजा आणि वाढला तर दंड करा. बिघडेल या भीतीने सगळ्यांचे हात बांधून ठेवणे हे लायसन्स-परमिटचेच राज्य, फक्त सही सरकारऐवजी कंपनीची.

आणि हे आमचेच म्हणणे आहे असे नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि 25 ऑगस्ट 2014 ला 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी 65 लाख रुपये दंड सुनावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रीला न मिळू देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असे आयोगाने म्हटले. पुढे अपिले झाली, दंडाचा प्रश्न कोर्टकचेऱ्यांत गेला. 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या यादीत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने एक पोर्टल काढले, पण त्यावर बहुतेक कंपन्यांचे फोन नंबर आणि पत्तेच. हक्क बजावता येईल असा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी 2012 साली मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क मतपेटीतून मिळवला. कोलोरॅडो राज्यात शेतीयंत्रांसाठी असा कायदा 2023 साली झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. तिथला शेतकरी हजार एकरांचा धनी असेल, पण सुगीत त्याचे यंत्र शेतात थांबले आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत त्याला बांधावर बसावे लागले, तेव्हा तो आणि आपण एकाच रांगेत.

बियाण्याच्या बाबतीत आपण हे आधी पाहिले आहे. मोहोळच्या संशोधन केंद्राने दिलेली मालदांडी 35-1 आपण पिढ्यान्‌पिढ्या घरच्या कणगीतून पेरली, कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात कलम 39 आले. संरक्षित वाणाचेही बी शेतकऱ्याने राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, ब्रँडचे नाव न लावता विकावेही, हा हक्क त्यात लिहिला आहे. संशोधकाला त्याचे मोल मिळते आणि शेतकऱ्याचा हात मोकळा राहतो. बियाण्याला जे जमले ते डब्याला का जमू नये?

कोणी म्हणेल, माझ्याकडे व्हॅन नाही, मला काय त्याचे. 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचा पुढचा टप्पा लागू झाला. या ट्रॅक्टरांत यांत्रिक पंपाच्या जागी कॉमन रेल आणि ईसीएम आला. लहान ट्रॅक्टरांपर्यंत ही पायरी उतरायला वेळ लागेल, पण ती उतरणार. व्हॅन बंद पडली तर बाजार चुकतो. रब्बीची पेरणी ओलीवर असते. ती ओल उडण्याच्या आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला तर हंगाम चुकतो, आणि कोरडवाहूत चुकलेला हंगाम पुढच्या वर्षापर्यंत परत येत नाही.

तेव्हा आजच्या बैठकीपुढे काम एवढे ठेवतो. गाडी किंवा ट्रॅक्टर घेताना दोन्ही चाव्या मागा. कोडचे कार्ड असेल तर ते मागून घ्या आणि आरसीबरोबर ठेवा. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या गावातल्या गाड्यांच्या ईसीएमवरचे पार्ट नंबर वहीत उतरवावेत, मेलेले डबे गोळा करावेत. कोणाचा कोणाला जुळतो ते पुढच्या बैठकीत बघू. ज्यांना सर्व्हिस सेंटरने भाग किंवा खूण नाकारली त्यांनी ती नकाराची चिठ्ठी लेखी घ्यावी, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. स्पर्धा आयोगापुढे आणि ग्राहक आयोगापुढे कागद लागतो.

बाहेर लिंबाखाली टेंभुर्णीहून आलेले वायरिंगवाले मीटर घेऊन बसले आहेत. ज्यांच्या गाडीला सकाळी दोनतीनदा सेल्फ मारावा लागतो त्यांनी आपली गाडी तिथे सावलीत लावावी आणि इंजिन बंदच ठेवावे, कारण बॅटरीचा पहिला आकडा थंड इंजिनावर घ्यायचा आहे.