मध्यावधी कौल आणि हिवरे बाजारची ग्रामसभा

एखाद्या गृहस्थाने पाच वर्षांकरिता आपल्या वाड्याचा कारभार दिवाणजीच्या हाती सोपवावा आणि मधल्या काळात एकदाही कीर्दखतावणी उघडून पाहू नये. मग पुढे दिवाणजी लबाड निघाला तर नवल ते काय? आणि तो प्रामाणिक राहिला तरी त्याचे श्रेय दिवाणजीच्या स्वभावाला, मालकाच्या दक्षतेला नव्हे. लोकशाहीतील मतदार हा असाच एक मालक आहे. एकदा मत दिल्यानंतर पुढील मतदानापर्यंत त्याने कारभारावर नजर कशी ठेवावी, हा प्रश्न निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे.

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. तेथील राष्ट्राध्यक्षाची मुदत 4 वर्षांची, परंतु प्रतिनिधिगृहाची अवघी 2 वर्षांची. त्यामुळे अध्यक्षाच्या कारकीर्दीच्या ऐन मध्यावर, नोव्हेंबर महिन्यात, प्रतिनिधिगृहाच्या सर्व 435 जागा आणि सेनेटच्या 100 पैकी सुमारे एक तृतीयांश जागा यांसाठी मतदान होते. तेथील गव्हर्नर हा आपल्याकडल्या राज्यपालासारखा नेमलेला नसून लोकांनी निवडलेला असतो. आणि 50 पैकी 36 राज्ये आपला गव्हर्नर याच दिवशी निवडतात. राज्याचा आणि संघराज्याचा असा दुहेरी हिशोब मतदार एकाच वेळी मागतो.

आपल्याकडे ‘मध्यावधी’ या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. मुदत संपण्यापूर्वीच सभागृह विसर्जित झाले तर ती मध्यावधी निवडणूक. 1971 साली आणि पुन्हा 1980 साली लोकसभेची निवडणूक अशी मुदतीपूर्वी झाली. 1980 मध्येच महाराष्ट्र विधानसभेवरही तोच प्रसंग आला. अमेरिकेतील मध्यावधी हा पंचांगात ठरलेला सण, तर आपल्याकडील मध्यावधी हे अवेळी आलेले आजारपण, असे म्हणावयास हरकत नाही. मग मालकाने पाच वर्षे स्वस्थ बसावे की काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव सर्वश्रुत आहे. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. पाऊस बेताचा, डोंगर उघडेबोडके, माणसे पोटासाठी गाव सोडून जाणारी. अशा गावाने 1989 साली पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास बिनविरोध सरपंच केले. पुढे 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. पाणलोटाची कामे झाली, झाडे लागली, विहिरींना पाणी आले. 2020 साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

तथापि या कथेतील खरी मेख निराळीच आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दारूबंदी, शेतीसाठी खोल कूपनलिका न घेण्याचा आणि उसासारखे तहानलेले पीक न घेण्याचा निर्बंध, हे सारे कोणा एका पुढाऱ्याच्या हुकमाने झाले नाही. ते ग्रामसभेत ठरले. किती पाऊस पडला, भूमीत किती पाणी मुरले आणि त्यावर कोणते पीक घ्यावे, याचा ताळेबंद तेथे गावासमोर मांडला जातो. कायद्याप्रमाणे महाराष्ट्रातील प्रत्येक गावाने वर्षातून किमान 4 ग्रामसभा घेतल्याच पाहिजेत. अमेरिकन मतदारास जो कौल दोन वर्षांनी देता येतो, तो खेडूतास दर तिमाहीस देता येतो. मात्र त्याने तेथे जाऊन बसले पाहिजे.

आता बिनविरोध निवडणुकीविषयी. हिवरे बाजारात सुमारे तीन दशके ग्रामपंचायतीसाठी मतदानच झाले नाही. एकमताने माणसे निवडली गेली. पुष्कळांना हे रामराज्य वाटले. परंतु एकमत दोन प्रकारचे असते. एक विचारविनिमयातून आलेले. दुसरे भीतीने, भिडेने किंवा पैशाने जुळविलेले. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली. तेथेही बाहेरून दिसावयास एकमतच होते!

त्याच महिन्यात, 15 जानेवारी 2021 रोजी, हिवरे बाजारात तीस वर्षांनंतर प्रथमच मतदान झाले. दुसऱ्या बाजूने अर्ज भरले गेले, ते कायम राहिले, आणि गावाला मतपेटीपुढे जावे लागले. कित्येकांना वाटले, आता गावाची एकी भंगली. निकाल लागला तेव्हा पवार यांच्या बाजूस सातही जागा मिळाल्या. हा विजय एका पक्षाचा म्हणून पाहणे उथळपणाचे होईल. जे एकमत तीस वर्षे गृहीत धरले गेले होते, ते त्या दिवशी गुप्त मतदानाने तपासले गेले आणि खरे ठरले. पराभूतांनीही गावाची एक सेवाच केली. कारण ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, अशा विश्वासाची किंमत कोणालाच सांगता येत नाही.

वस्तुतः निवडणूक बिनविरोध झाली की चुरशीची, यापेक्षा मधल्या काळात हिशोब मागितला गेला की नाही, हे महत्त्वाचे. ग्रामसभेस 15 टक्के अथवा 100 मतदार, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस मग गणपूर्तीचे बंधनच उरत नाही. म्हणजे गावकऱ्याच्या गैरहजेरीतही ठराव होऊ शकतात! शहरवासीयांनी यावर हसू नये. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्या महानगराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. तेवढा काळ कित्येक सुशिक्षित घरांतून त्याविषयी चकार शब्दही निघाला नाही.

मतपेटी हा वर्षानुवर्षांच्या हिशोबाचा शेवटचा आकडा होय. त्यावरील बेरीज-वजाबाकी रोजच्या रोज मांडली जावयास हवी. आणि ते काम दिवाणजीचे नव्हे, मालकाचे आहे.