छायाचित्रामागील कोरी बाजू

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकास व्यासपीठावर बोलावून मंडळाने आमचा गौरव केला आहे. चिटणीसांनी ‘जुनी छायाचित्रे आणि आपले कुळमूळ’ हा विषय सुचविला. विषय मोठा, आमचा अधिकार लहान. म्हणून विद्वत्तेच्या वाटेस न जाता आमच्या हातून घडलेली एक चूकच आपणांपुढे मांडतो. छत्तीस वर्षे मुलांच्या चुका दुरुस्त केल्या. आता स्वतःची एक चूक चारचौघांत वाचून दाखविण्यास हरकत नसावी.

1994 साली येवल्यातील आमचे राहते घर जीर्ण झाल्यामुळे उतरवावे लागले. माळ्यावर दिवंगत आजीची पत्र्याची पेटी निघाली. तीत जुन्या लुगड्यांखाली काही छायाचित्रे होती. घरातील लिहिणारे-वाचणारे म्हणून निवडीचे काम आमच्याकडे आले. चेहरे ओळखू आले ती चित्रे ठेवली, उरलेली रद्दीच्या पोत्यात टाकली. त्यांत जाड पुठ्ठ्यावर डकवलेले एक चित्र होते. खुर्चीवर बसलेली विशीतील स्त्री, मांडीवर तान्हे मूल. शेजारी कोणी पुरुष उभा असावा. पण तो भाग वाळवीने खाल्लेला. राहिली होती कोटाची एक बाही, आणि ती बोटांच्या पेरांपर्यंत लोंबत होती. आमचे आजोबा पेठेतील नावाजलेले शिंपी. अशी बेमापाची बाही त्यांच्या अंगावर असणे शक्य नाही. सबब हे चित्र आपल्या घरचे नव्हे, असा निवाडा आम्ही मोठ्या डौलाने दिला. आमच्या पत्नीने मात्र ते पोत्यातून परत काढले. “बाईमाणूस आहे, लेकुरवाळी आहे, असू द्या,” एवढेच त्या बोलल्या.

पुढे 2009 साली आमच्या आत्याबाई माहेरी आल्या. वय 81. चित्र खिडकीच्या उजेडात धरून त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही तुझी आजी. मांडीवर तुझा बाप आहे.”

जिच्या मांडीवर आम्ही वाढलो ती आजी आजोबांची दुसरी पत्नी होती. पहिली 1918 सालच्या मानमोडीच्या साथीत गेली. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांतील एक आमच्या घरची होती, हे आम्हांस 91 वर्षांनी कळले. वडील तेव्हा वर्षाचे होते. मुलास पोरकेपण वाटू नये म्हणून थोरांनी तो विषयच मिटविला. आणि कोट? तो फोटो काढणाऱ्याचा होता; गिऱ्हाइकांसाठी त्याने एकच ठेवलेला. साऱ्या पेठेचे कोट शिवणाऱ्या आजोबांपाशी स्वतःचा कोट नव्हता! “ती बाही त्यांना जन्मभर सलत होती,” असे आत्याबाई हसून म्हणाल्या.

मग जुन्या गोष्टींचा उलगडा होऊ लागला. आजी दरवर्षी भाद्रपदात अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवू घाली, तिची ओटी भरी. कोणासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही. सवतीचे चित्रही तिनेच लुगड्यांच्या तळाशी जपले होते. आमचे वडील 1986 साली वारले. ज्या घरात ते उभा जन्म राहिले त्याच घरात त्यांच्या आईचे चित्र होते, आणि ते त्यांच्या दृष्टीस कधी पडले नाही. दोष कोणास द्यावा? आजीस तर नाहीच.

त्यानंतर आम्ही तिचा माग काढू लागलो. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात नाशिक हे नाव उठविलेले होते. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांच्या हातची मोडी नोंद मिळाली. स्वतःचे नाव, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे. आणि शेवटी एक शब्द, ‘सहकुटुंब’. वडिलांच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहिले. जन्मतारीख होती, जन्मगाव होते; आईच्या नावाचा रकानाच नव्हता. असली रजिस्टरे आम्ही स्वतः वर्षानुवर्षे भरली, पण हे कधी ध्यानी आले नाही. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. तो आमच्या आजीला उशिरा पडला.

तिचे सासरचे नाव आत्याबाईंना ठाऊक होते. ते आता चित्रामागे लिहिले आहे. माहेरचे नाव, आडनाव, गाव मात्र कोणासच माहीत नाही.

बंधुभगिनींनो, संत नामदेवमहाराजांचा जन्म 1270 सालचा. त्यांच्या मातोश्री गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, कन्या लिंबाई. इतकेच काय, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई ह्या चार सुनांची नावेही आपणांस पाठ आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या घरातील सुना आपण ओळखतो, आणि शंभर वर्षांपूर्वीची स्वतःची आजी ओळखत नाही! ज्यांच्या घरी वंशावळ आहे त्यांनी ती उघडून पाहावी. पुरुषांची ओळ सरळ सापडेल. बायकांच्या जागी बहुधा कोरा कागद असेल.

म्हणून एवढीच विनंती. घरी गेल्यावर जुनी चित्रे काढा. ओल्या फडक्याने पुसू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करू नका. दिवसाच्या उजेडात मोबाइलवर प्रत घ्या. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढे ती चित्रे ठेवा, आणि प्रथम बायकांविषयी विचारा: माहेरचे नाव काय, गाव कोणते, भाऊ कोण. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. आमच्या आत्याबाई पुढची दिवाळी पाहू शकल्या नाहीत.

शेवटी आमच्या स्वार्थाची एक गोष्ट. सभागृहाच्या दाराशी मेजावर त्या चित्राची प्रत ठेवली आहे. आपल्या सोयरिकी आपल्यांतच होत आल्या. तेव्हा तिच्या भावांची नातवंडे-पतवंडे ह्याच सभेत बसलेली असतील, असे आम्हांस वाटते. येवल्यास दिलेली आणि 1918 साली तान्हे मूल मागे ठेवून गेलेली लेक कोणाच्या घरी आठवत असेल, तर त्यांनी जाण्यापूर्वी आम्हांस भेटावे. चित्रामागे एक ओळ आम्ही कोरी ठेवली आहे.