रक्तदाता एकदां येतो; पुन्हा यावा कसा?
(पालम येथील भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं एक मोठें रक्तदान-शिबिर भरवावें, अशी सूचना ठिकठिकाणीं होत असते. ती स्तुत्य आहे. परंतु तींत एक उणीव आहे, तिकडे आपलें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे.

रक्त हें धान्याप्रमाणें कणगींत भरून ठेवतां येत नाहीं. तांबड्या पेशी साधारणपणें ३५ ते ४२ दिवस टिकतात; प्लेटलेट्स तर अवघे ५ दिवस. एकाच दिवशीं शेंकडों पिशव्या जमल्या, तर कांहीं वायां जाण्याची भीति. आणि पुढें वैशाखांत, महाविद्यालयें बंद असतां, त्याच पेढींत टंचाई! पालमची एखादी बाळंतीण रक्तस्रावानें अत्यवस्थ होऊन परभणीस नेली, तर सहा महिन्यांपूर्वींचें शिबिर तिच्या काय कामाचें? थॅलॅसिमियाच्या बालकास तर दर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त लागतें.

पूर्वीं रक्त विकत मिळे. मुंबईंत श्रीमती लीला मुळगावकर यांनीं स्वेच्छा-रक्तदानाच्या कार्याचा पाया घातला. १९६३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. रिचर्ड टिटमस या इंग्रज विद्वानानें १९७० सालीं ग्रंथद्वारें असें प्रतिपादिलें कीं, विकतचें रक्त अधिक धोक्याचें. कारण गरजू विक्रेता आपला आजार लपवितो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालान्वयें १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशांत रक्तविक्रीस बंदी झाली. तेव्हां आतां सर्व भिस्त दात्याच्या सद्भावनेवर आहे.

ही सद्भावना टिकावी कशी, याचा संशोधकांनीं पुष्कळ शोध केला आहे. कित्येक जण रक्त देत नाहींत, तें केवळ त्यांस कोणीं समक्ष विचारलें नाहीं म्हणून. पहिल्या खेपेस ज्यास भोंवळ येते, तो परत येण्याचा संभव कमी. आधीं अर्धा लिटर पाणी पिणें व पायांचे स्नायु आंवळणें, एवढ्यानेंही भोंवळ बरीच टळते. पहिल्या वर्षांतच जो पुन्हा येतो, तो बहुधा कायमचा दाता होतो. स्वीडन देशांत तर आपलें रक्त रुग्णास दिलें गेल्याचा निरोप दात्यास पोंचवितात.

आणखी एक गोष्ट. हिमोग्लोबिन १२.५ हून कमी भरल्यामुळें ज्यांस परत पाठवितात, त्यांत आपल्या भगिनी पुष्कळ असतात. अशी परत गेलेली व्यक्ति बहुधा पुन्हा फिरकत नाहीं. तीस कमीपणा वाटूं देऊं नये. पंडुरोगाचें कारण शोधून उपचार करवावा, आणि बरी झाल्यावर अगत्यानें बोलवावें.

म्हणून आमची विनंति अशी कीं, एक वही घालावी. १८ ते ६५ वर्षांच्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी इच्छुकांचीं नांवें व रक्तगट तींत लिहावे, त्यांच्या चार तुकड्या कराव्या, आणि रक्तपेढीस विचारून दर तीन महिन्यांनीं एकेक तुकडी पाठवावी. पुरुषांस तीन व स्त्रियांस चार महिन्यांचें अंतर आवश्यक असतें. त्यामुळें या क्रमानें कोणावरही भार पडणार नाहीं. ज्युबिलीचा दिवस एक, पण वर्षाचे महिने बारा आहेत. आणि रुग्ण बाराही महिने असतात.

इतकेंच आपणांस विनवून आम्ही हें भाषण पुरें करितों.