५ आणि ७ मिळून ५७ का आले?



आज तुम्हा विद्यार्थ्यांच्या यशाचं कौतुक झालं. मी चार शब्द चुकांविषयी बोलतो, कारण माझा प्रोग्रॅमिंगचा धंदा मला चुकांनीच शिकवला.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलो तेव्हा मी दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. ५ आणि ७ टाकले, उत्तर आलं ५७! पडद्यावर एररची एक ओळ नाही. मी तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला, उत्तर तेच. शेवटी प्रत्येक किंमत कोणत्या प्रकारची आहे, हे प्रिंट करून पाहिलं आणि उलगडा झाला. इनपुट या आदेशाने घेतलेलं सगळं पायथन मजकूर समजतो. त्याने बेरीज केलीच नव्हती, ५ च्या शेजारी ७ चिकटवला होता. दोन्हींना इंट लावून त्यांच्या संख्या केल्या आणि १२ आले. कॉम्प्युटर आपल्या मनातलं ओळखत नाही, आपण लिहिलेलं पाळतो, हे मला त्या दिवशी समजलं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक सुरू झाला. तो उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे, की आपल्या उरलेल्या आयुष्यातला बराच काळ स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना तेव्हाच उमगलं. म्हणून चूक झाली की खचू नका, तिचा माग काढा.

पायथनचा एरर आला तर आधी शेवटची ओळ वाचा. काय बिघडलं ते तिथे असतं. मग ओळ क्रमांक बघा. त्या ओळीत दोष दिसला नाही तर वरची ओळ तपासा, कंस तिथे उघडा राहिलेला असू शकतो. एरर न येता उत्तरच चुकलं, तर प्रोग्रॅमच्या मध्यावर प्रिंट घाला. तिथपर्यंत सगळं बरोबर असेल, तर दोष पुढच्या अर्ध्यात. आणि एका वेळी एकच बदल करा. पाच बदल एकदम केलेत, तर कशाने दुरुस्त झालं हे कधीच कळणार नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला पडद्यावर एरर दिसला, की शेजाऱ्याच्या प्रोग्रॅमकडे वळण्याआधी ती शेवटची ओळ मोठ्याने वाचा. शिकणं तिथूनच सुरू होतं.