हद्दीची पाटी

(शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर केलेलं बोलणं)



 आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून चार शब्द बोला म्हणाले. माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभा राहिलो की हाताशी अभंग असतो, मागं टाळकरी असतात, चुकलं तर सावरून घेतात. आज तसा आधार नाही. दिंडीचा इतिहास सांगणारे जाणते इथं बसलेत, तो त्यांनी सांगावा. मी माझ्यावर आलेली एक गोष्ट सांगतो.

चार वर्षांमागची वारी. त्या साली एक शब्द माझ्यामागं लागला. हद्द. घरनं निघायच्या दिवशी धाकटा नातू मातीत रेघ मारून दुसऱ्या पोरावर वरडत होता, "ही माझी हद्द, इकडं यायचं नाय." पुढं दिवे घाट चढून वर आलो, तर रस्त्याकडंला पाटी, अमक्या गावची हद्द सुरू. सासवडला चहाला टेकलो, तिथं दोघं भांडत होते. एकजण म्हणतोय, "हद्द झाली तुझ्यापुढं!" नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, पूल ओलांडला. तिथं पुणे जिल्हा संपतो, सातारा लागतो. परत पाटी, परत तोच शब्द. वीस-बावीस वर्षं त्याच वाटंनं चाललोय मी. पाट्या त्याच जागी असणार. पण कधी वाचल्या नव्हत्या.

आता हा शब्दच मला का टोचावा, हे सांगितल्याबिगर पुढं जाता येत नाही. माझा थोरला भाऊ वारला. त्याचं रान माझ्या रानाला लागून. पोरगा नोकरीला लांब, रानात वहिनी एकटी. आमच्या दोघांमधला बांध चांगला चार हात रुंद होता, वडिलांनी घातलेला, मधोमध एक बाभळ. मी दरसाल नांगरट करताना एक तास बांधावर घ्यायचो. एकच तास. ज्यानं शेती केलीय त्याला समजलं असेल. असं करत करत बांध वीतभर राहिला, तोही पलीकडं सरकला, आणि बाभळ माझ्या ज्वारीत उभी. झाड तर चालत येत नाही! वहिनी एकदोनदा बोलली, मी काही लक्ष दिलं नाही. आणि संध्याकाळी कुठल्यातरी गावच्या सप्ताहात लोभ वाईट म्हणून कीर्तन करायचो. लोक माना डोलवायचे.

तर ह्या पाट्या बघून माणसानं भ्यायला पाहिजे का नाही? मला उलट फुशारकी चढली. एवढ्या लाखांच्या मेळ्यात पांडुरंग माझ्याशी बोलतोय! बांधाचं राहिलं बाजूला. लोणंदच्या मुक्कामाला राहुटीत बसून मी हे सगळ्यांना सांगितलं. बांधाचं नाही सांगितलं हं, नुसतं शब्दाचं. देव खूण देतोय, उकल व्हायचीय, असं. ऐकणाऱ्यांनी हात जोडले, एक माउली तर पाया पडली. मी पडू दिलं.

आमचे जुने विणेकरी बाबा कोपऱ्यात पाय चेपत बसले होते. म्हणाले, "बुवा, वाटंनं एवढं माणूस चाललंय. तुमच्या एकट्यासाठी देवानं बांधकाम खात्याकडनं पाट्या लावून घेतल्या काय?" राहुटी हसली. मग म्हणाले, "आपला बैल लंगडला की बाजारातला हरेक लंगडा बैल दिसाय लागतो. बैल तेवढेच असत्यात. तुमचं काय लंगडलंय ते बघा."

रात्रभर मला राग आला. पण सकाळी चालताना काय झालं, मन एकदम हलकं झालं. पाट्या सगळ्यांसाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत, म्हणजे मी सुटलो! बाबांचं शेवटचं वाक्य मी सोयीनं विसरलो. आदल्या दिवशी देवाला माझ्याबिगर काम नव्हतं, आज देवाला माझं घेणंदेणं नाही. दोन्हीकडं आपला मीच.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तरडगावच्या तळावर पोचलो. समाजआरती तुम्ही सगळे बघता. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत गोल उभ्या राहतात, चोपदार दंड वर करतात आणि एवढा तळ एका क्षणात गप्प होतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. त्या दिवशी कुणा म्हातारीचा कापडी बटवा हरवला होता, त्यात औषधाची चिठ्ठी होती. पुकारा सगळ्या तळासाठी होता. हजारो माणसांनी ऐकला. माझ्या शेजारच्या टाळकऱ्याचा हात मात्र झटक्यानं पैरणीच्या खिशाकडं गेला. सकाळी वाटंवर सापडलेला बटवा, देऊ म्हणून ठेवला होता आणि विसरला होता. गडबडीनं गर्दीतनं पुढं निघाला. मी त्याच्या पाठीकडं बघत राहिलो. त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

पुढं धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला, तिथली पाटीही वाचली. ह्या खेपेला कुणाला काही बोललो नाही.

वारीहून आल्यावर बुक्का-प्रसाद घेऊन वहिनीकडं गेलो. बांध सरकलाय, बाजरी निघाली की जागेवर घालू, एवढंच म्हणालो. ती काही बोलली नाही. थोरला पोरगा माझ्यावर चिडला, "गावात नाक कापून घ्यायचं का?" पंधरा दिवस बोलला नाही. तरी बाजरी निघाल्यावर गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बसवलं, दोरी धरली, बाभळीपासून दोन्ही अंगाला दोन-दोन हात मोजून दगड पुरले. पहारीनं खड्डे मीच घेतले. खाल्लेल्या पिकाचा हिशेब निघाला, तो अजून फेडतोय.

दगड पुरून झाले, वहिनीनं चहा आणला. तेव्हा मी तिला ह्या पाट्यांचं पहिल्यापासून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "भाऊजी, चार पाट्या दिसल्या तर तुम्हाला देव बोलल्यागत वाटलं. मी सात वर्सं ह्याच बांधावर उभी राहून वरडत हुते."

मी खाली मान घालून चहा प्यालो.

रामकृष्ण हरी.